ब्रेकचं पॅडल दगड झालं म्हणजे बूस्टरच गेला? थांबा भाऊ

नागपुरातल्या जुन्या गाड्यांच्या शौकिनांमध्ये सध्या एक फॉरवर्ड फिरतोय: "पॅडल कडक तर बूस्टर गेला. पॅडल खाली बसलं तर मास्टर सिलेंडर गेला. जमिनीवर ऑईल नाही म्हणजे गळती नाही. शंका असेल तर दोन्ही बदला." वाक्यं ठसक्यात आहेत, पण अर्धवट. (बूस्टर म्हणजे व्हॅक्यूमच्या, म्हणजे हवेच्या ओढीच्या, जोरावर पायाचा दाब वाढवणारा डबा. मास्टर सिलेंडर म्हणजे पॅडल दाबलं की ब्रेक ऑईल चाकांकडे ढकलणारा पंप.)

पहिलंच घ्या. माझ्या 1984 च्या पद्मिनीला बूस्टरच नाही. चारही चाकांना ड्रम ब्रेक, सगळा जोर पायाचा! तिचं पॅडल कडक लागलं तर ड्रमला घासणारे लायनर काचेसारखे गुळगुळीत झालेत का, ते ड्रमवर दाबणारा चाकातला व्हील सिलेंडर जाम आहे का, हे बघायचं. बूस्टरवाल्या ॲम्बेसेडरची गोष्ट वेगळी. इंजिन बंद ठेवून पॅडल चार-पाच वेळा दाबा, साठलेला व्हॅक्यूम संपतो. मग पाय तसाच दाबून ठेवून गाडी सुरू करा. पॅडल जरासं खाली सरकलं तर बूस्टर काम करतोय. नाही सरकलं तरी लगेच नवा आणायला धावू नका. आधी व्हॅक्यूम पाइप आणि त्यावरचा एकमार्गी व्हॉल्व्ह बघा. डिझेल गाडीत व्हॅक्यूम पंपही बघा, कारण डिझेल इंजिनला पेट्रोलसारखा आपसूक व्हॅक्यूम मिळत नाही. धरमपेठेतल्या माझ्या एका मित्राने बूस्टर बदलला, पॅडल तसंच्या तसं. पाइपाला क्लॅम्पखाली चीर होती. आपल्या मे महिन्यात बॉनेटखालचं रबर भाजूनच निघतं, राजा.

दुसरं वाक्य कधीकधी खरं असतं. गाडी उभी ठेवून पॅडलवर हलका पण सतत दाब द्या. ते हळूहळू खाली जात राहिलं आणि बाहेर कुठेच गळती नसेल, तर सिलेंडरच्या आतलं सील ऑईल मागे सोडतंय. पण पहिल्या दाबाला खोल जाऊन दुसऱ्या-तिसऱ्या पंपाला वर येत असेल, तर ड्रमचे शू (लायनर ज्यांवर बसतात ते) ढिले असण्याची शक्यता जास्त. स्पंजासारखं लागलं तर लाइनमध्ये हवा. (हे तपासायला सेमिनरी हिल्सचा उतार गाठू नका, अंगणात होतं.)

कोरड्या जमिनीवर तर अजिबात विसंबू नका. सिलेंडरचं मागचं सील गेलं की ऑईल बूस्टरच्या पोटात उतरतं. तिथून ते इंजिनात ओढलं गेलं की सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, आणि आपण हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं पॅकिंग) गेलं समजून इंजिन उघडून बसतो. ब्रेक ऑईलच्या टाकीतली पातळी घटतेय आणि बाहेर ओल नाही? मग सिलेंडरचे नट सोडून तो किंचित पुढे ओढा. सांध्यात ओल असेल तर उत्तर मिळालं.

आणि "दोन्ही बदला"? बूस्टर बदलायचाच असेल तर जुन्या सिलेंडरची लाइन शक्यतो उघडू नका. उघडलीच, तर हवा काढताना पॅडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. नाहीतर पॅडल पार तळाला जातं, सील रोज जात नाही त्या गंजक्या भागावर घासतं आणि धड असलेला सिलेंडर त्याच दिवशी बाद होतो.