‘तीन वर्षे थांबा’ सांगणाऱ्या संदेशाचा प्रतिवाद

सांगली-मिरजेतील पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : व्हिडिओ कॉलवरून तान्ह्या बाळांना ऑटिझमचा, म्हणजे स्वमग्नतेचा, शिक्का मारला जातो, बाळाला हात लावल्याशिवाय काही कळत नाही, आईबापांनी घरी केलेल्या तपासणीला अर्थ नसतो, पहिल्या वर्षात काही दिसतच नाही आणि मुलगे उशिराच बोलतात, म्हणून तीन वर्षे थांबावे, आणि खेड्यात नेटवर्क नसल्याने व्हिडिओवरून बाळाच्या विकासाची तपासणी करण्याची ही सोय आपल्या कामाची नाहीच. मी याच भागात वाचा व श्रवणतज्ज्ञ म्हणून काम करते. असाच सल्ला ऐकून थांबलेली कुटुंबे माझ्याकडे येतात तेव्हा मूल साडेतीन-चार वर्षांचे झालेले असते, म्हणून या संदेशाला सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

शिक्क्याची धास्ती मी समजू शकते. परंतु पहिल्या वर्षात, तेही केवळ व्हिडिओवरून, कोणताही जबाबदार तज्ज्ञ ऑटिझमचे निदान करीत नाही. खात्रीचे निदान साधारण दीड ते दोन वर्षांच्या वयापासून होऊ शकते, आणि चाळणीसाठी, म्हणजे पुढील तपासणीची गरज असलेली मुले ओळखण्यासाठी, जगभर वापरली जाणारी ‘एम-चॅट’ ही २० प्रश्नांची प्रश्नावलीसुद्धा १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठीच आहे. त्याआधी पाहिले जाते ते एवढेच, की या बाळाकडे अधिक लक्ष देण्याची आणि त्याला लवकर मदत देण्याची गरज आहे का. कपाळाला हात लावून ‘अंग गरम लागते आहे’ म्हणणे आणि टायफॉइडचे निदान करणे यांत जेवढे अंतर आहे, तेवढेच येथेही आहे.

हात लावल्याशिवाय काही कळत नाही, हे विधान अर्धे खरे आहे, आणि ते अर्धे मी आधी मान्य करते. स्नायूंचा ताठरपणा किंवा ढिलेपणा आणि डोक्याची वाढ यांसाठी बाळ डॉक्टरांसमोरच असावे लागते. हाक मारल्यावर न वळणाऱ्या बाळाची श्रवणचाचणी सर्वांत आधी व्हायला हवी, आणि आवाजाला कान व मेंदू कसा प्रतिसाद देतो हे यंत्राने मोजणारी ओएई किंवा बेरा ही चाचणी फोनवर होत नाही. बाळ पुन्हा पुन्हा अचानक दचकल्यासारखे वाकत असेल, तर ते आकडीचे झटके असू शकतात. अशा वेळी व्हिडिओ काढावा, पण कॉलची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. मात्र बाळ आईच्या चेहऱ्याकडे पाहून हसते का, ‘बुवा-कुक’ केल्यावर पुन्हा करण्यासाठी अधीर होते का, वर्षाच्या सुमारास बोट दाखवून आईचे लक्ष एखाद्या वस्तूकडे वेधते का, या गोष्टी हाताला लागत नाहीत, त्या डोळ्यांना दिसतात. आणि त्या दवाखान्यापेक्षा घरात अधिक खऱ्या दिसतात. जत तालुक्याच्या पूर्व भागातून पहाटे निघालेले, एसटीच्या प्रवासाने शिणलेले, पांढरा कोट पाहताच लसीच्या आठवणीने भोकाड पसरणारे दहा महिन्यांचे बाळ माझ्या नजरेला नजर देत नाही, यावरून मी काय ठरवावे? शिवाय मी त्याला कागदावरच्या नावाने मराठीत हाक मारते, आणि घरी त्याची आजी लाडक्या नावाने कानडीत हाक मारीत असते. त्या हाकेला ते वळते की नाही, हे मला त्याच्या घरातूनच समजू शकते.

आईबापांनी केलेली तपासणी म्हणजे त्यांनी काढलेला निष्कर्ष, असा संदेशाचा समज दिसतो. प्रत्यक्षात पालक केवळ ठरवून दिलेले खेळ खेळतात, तज्ज्ञ त्या वेळी सूचना देतो आणि निरीक्षणांची नोंद व अर्थ तोच लावतो. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील माइंड इन्स्टिट्यूटमध्ये नेमकी हीच पद्धत ६ ते १२ महिन्यांच्या ११ बाळांवर आजमावली गेली. संख्या लहान होती आणि तो अभ्यास ही पद्धत व्यवहारात जमते का एवढेच पाहण्यासाठी होता, हे सांगणे माझे कर्तव्य आहे. पण पालकांकडून हे होतच नाही, असे त्यानंतर म्हणता येत नाही. भारतातही मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनी दूरस्थ सल्ल्याला नियमांची चौकट दिली असून, अल्पवयीन रुग्णासोबत ओळख पटलेली प्रौढ व्यक्ती असणे त्यात आवश्यक मानले आहे.

सर्वांत घातक मुद्दा तीन वर्षे थांबण्याचा आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात बाळांना सहा महिन्यांपासून वेळोवेळी पाहण्यात आले. पुढे ऑटिझमचे निदान झालेली बाळे सहाव्या महिन्यात इतरांसारखीच पाहत आणि हसत होती; त्यानंतर चेहऱ्याकडे पाहणे आणि कोणाकडे पाहून हसणे हळूहळू ओसरत गेले, आणि ही घसरण बहुतेक पालकांच्या लक्षातही आली नव्हती. जे हळूहळू ओसरते ते एका भेटीत पकडता येत नाही. दर दीड-दोन महिन्यांनी घरून पाठवलेल्या पाच मिनिटांच्या व्हिडिओंत ते पकडले जाण्याची शक्यता अधिक. ज्या घरात थोरल्या भावंडाला ऑटिझम आहे, तेथे धाकट्यालाही तो असण्याचे प्रमाण सुमारे पाचात एक आहे. अशा घराला ‘थांबा’ सांगणे मला अक्षम्य वाटते. मुलगे उशिरा बोलतात म्हणावे, तर मुलगे व मुली यांच्या बोलण्यातला सरासरी फरक थोडासाच असतो, आणि आमचा प्रश्न शब्दांचा नसतोच. बोलत नसलेले पण बोट दाखवणारे, सांगितलेले समजणारे, वस्तू आणून दाखवणारे मूल वेगळे. आणि यांतले काहीच न करणारे मूल वेगळे. आलेले कौशल्य गेले, तर कोणत्याही वयात एक दिवसही थांबू नये.

लवकर कळून उपयोग काय, असेही विचारले जाते. ऑस्ट्रेलियात वर्षाच्या आसपासच्या, सुरुवातीची लक्षणे दिसणाऱ्या १०३ बाळांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एका गटातील पालकांना बाळासोबतच्या त्यांच्याच खेळाचे व्हिडिओ दाखवून बाळाचे इशारे ओळखायला शिकवले गेले. तीन वर्षांच्या वयात त्या गटातील सुमारे ७ टक्के मुलांना निदान लागू झाले, तर दुसऱ्या गटात ते प्रमाण सुमारे २० टक्के होते. एका अभ्यासावरून ऑटिझम टळतो असा दावा मी करणार नाही. पण मदतीसाठी निदानाची वाट पाहावी लागत नाही, हे त्यातून स्पष्ट होते.

नेटवर्कची अडचण खरी आहे, पण व्हिडिओ काढायला नेटवर्क लागत नाही. तो रेंजमध्ये आल्यावर पाठवता येतो. जत-आटपाडीकडील ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास घर सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. सहा महिन्यांचे बाळ घेऊन गेलेली आई वर्षाचे बाळ घेऊन येते, म्हणजे पाहण्यासारखा सगळा काळ फडावरच्या कोपीत सरतो. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात विकासातील विलंबाची तपासणी आहे, पण अशा आईची गाठ त्यातील तपासणी पथकाशी पडेलच असे नाही. तिच्या हातात फोन मात्र असतो. नवव्या महिन्याच्या गोवर-रुबेला लसीला ती जेथे कोठे जाईल, तेथल्या आशाताईने लस टोचण्याआधी, बाळ शांत असताना, आईला त्याच्याशी दोन मिनिटे खेळायला सांगून तो व्हिडिओ काढून घ्यावा, एवढी मागणी मी आरोग्य विभागाकडे करते आहे.