खिशात कांदा, समोर स्वर्गारोहिणी

होळी झाली, गच्चीवरून कूलर उतरला, त्याला वाळ्याच्या नव्या ताट्या लागल्या, की नागपूरच्या नवराबायकोंना हिमालय आठवू लागतो. पंपाने पहिले पाणी फेकले आणि तो ओला वास घरभर पसरला, की त्याच रात्री दोघांपैकी एक जण दुसऱ्याच्या नाकासमोर मोबाईल धरून बर्फाचा व्हिडिओ दाखवतो. दुसरा म्हणतो, "जाऊ ना मग." हा क्षण फार मोलाचा असतो. यानंतर कुणीही कुणाला शहाणपणाचा प्रश्न विचारू नये.

गेल्या मे महिन्यात आम्ही दोघे पाठीवर पिशव्या टाकून उत्तराखंडातल्या हर की दून या दरीत जाऊन आलो. म्हणजे ही जाऊन आली, मी जवळपास जाऊन आलो. मार्गदर्शन करण्याचा माझा अधिकार त्यातूनच सिद्ध होतो. आपल्याकडे पोचलेली माणसे सहसा गप्प असतात, जवळपास जाऊन आलेलेच व्याख्यान देतात.

पहिली गोष्ट म्हणजे वडीलधाऱ्यांचे ऐकू नये. आई म्हणेल, "काऊन एवढ्या दूर? चिखलदरा काय वाईट आहे?" चिखलदरा वाईट नाही. १,११८ मीटरवर आहे, सकाळी घरून निघालात तर दुपारपर्यंत पोचता, आणि भीमाने कीचकाला मारून दरीत फेकले म्हणून कीचकदऱ्याचा चिखलदरा झाला, अशी घरची महाभारताची सोयही आहे. पण तिथून परत आलेल्या माणसाला ऑफिसात कुणी काही विचारत नाही. हर की दून ३,५६६ मीटरवर आहे. आपले कळसूबाई १,६४६, आणि आपण राहतो ते नागपूर जेमतेम ३१०. एवढा फरक ऐकून ज्याच्या पोटात गोळा येत नाही तोच खरा नागपूरकर. मी त्या रात्री हे आकडे हिला मोठ्याने वाचून दाखवले आणि वर म्हणालो, "साडेतीनच किलोमीटर तर आहे. फुटाळ्याला एक चक्कर."

ऋतूचे गणितही नागपूरच्या हिशेबानेच करावे. आपला उन्हाळा शिवरात्रीच्या आसपास जन्मतो आणि मे महिन्यात नवतपा, म्हणजे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, लागेस्तोवर पुरता म्हातारा आणि चिडका होतो. तिकडे मात्र मे महिन्यात उन्हाळा नुकता डोळे उघडत असतो. नाल्यांच्या बगलेत जुना बर्फ मळक्या गादीसारखा पडलेला, बुरांशाची लाल फुले उतरणीला लागलेली, सकाळ स्वच्छ आणि दुपारी दोनला न विचारता गारा. पण 'उन्हाळा' हा शब्द एकच आहे ना? मग कपडेही तेच न्यावेत. सुती. सुती कपड्यासारखे सुख नाही, हे आपल्याला ४५ अंशांत पटलेले असते. भिजलेला सुती शर्ट तिकडच्या थंडीत दोन दिवस वाळत नाही, हे तिथे गेल्यावर आपसूक कळते. आधीपासून डोक्याला ताप कशाला?

सरावाचे म्हणाल, तर नागपुरात चढ नाही ही तक्रार खोटी आहे. रेल्वे स्टेशनजवळ गणपतीचे देऊळ आहे, त्याला आपण टेकडी म्हणतो. एवढ्या उंचीला टेकडी म्हणणाऱ्या गावाची कल्पनाशक्ती काय वर्णावी! मी सलग तीन मंगळवार टेकडीवर गेलो. शिवाय सेमिनरी हिल्सला गाडीने, आणि बर्डीच्या मेट्रो स्टेशनचे जिने. ते सरकते होते, पण नजर वरच होती. परतताना तर्री पोहे, कारण व्यायामाने अंगात आलेली कमजोरी भरून काढावी लागते. ही मात्र रोज पहाटे पाचला उठून अंबाझरीला जायची, आणि संध्याकाळी आमच्या इमारतीचे चार मजले पाठीवर दहा किलो तांदळाची पिशवी घेऊन सहा-सहा वेळा चढायची. शेजारच्या काकूंना वाटले घरात काहीतरी बिनसले आहे. मलाही हसू यायचे. बायको असे काही करत असेल तर तुम्हीही हसावे. ते पुढे तिच्या उपयोगी पडते.

आता पिशवी. यावर मी मन लावून लिहिणार आहे, कारण ती मी मन लावून भरली होती. पाठीवरचे ओझे आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त नसावे, असा एक भित्रा नियम आहे. माझे वजन ७४. म्हणजे पंधराच्या आत थांबायचे. पण पिशवी साठ लिटरची घेतलेली असते आणि रिकामी जागा पाहून मराठी माणसाचा जीव तुटतो. मी घेतले: दोन जीन्स, सहा सुती शर्ट, एक जाड चादर, कारण भाड्याच्या स्लीपिंग बॅगवर कोण विश्वास ठेवणार, स्टीलचे तीन डबे, त्यांत चिवडा, शंकरपाळे आणि आईने नुकत्याच गच्चीवर वाळवलेल्या कुरडया, सावजी मसाल्याची पुडी, संत्रा बर्फीचे दोन डबे, दीड लिटरचा कुकर, दोन किलो तुरीची डाळ, आणि एक छत्री. वरून आईने चार पांढरे कांदे दिले. "उन्हात जातो ना? खिशात ठेव, लू लागत नाही." आई, तिथे बर्फ आहे, असे मी म्हणालो नाही. कांदा खिशात ठेवून पाच वर्षांचा असताना मी शाळेत गेलो आहे, दहावीची परीक्षा दिली आहे आणि एकदा मुलगी पाहायलाही गेलो आहे. तोच मुलगा हिमालयात कांद्याशिवाय गेला तर काय शोभले असते?

पिशवी तोलायला घरात काटा नव्हता. खाली रद्दीवाला आला होता, त्याच्या लटकत्या काट्याला अडकवली. एकोणीस किलो सातशे. तो म्हणाला, "भाऊ, काय भरलं बे? लोखंड असंल तर वेगळा भाव लागते." हिची पिशवी नऊ भरली. मी त्याच्याकडे पाहून डोळा मिचकावला. त्याने हिच्या पिशवीकडे पाहिले, माझ्या पोटाकडे पाहिले आणि काटा गुंडाळून ठेवला. या देशात खरे तज्ज्ञ असेच सायकलवरून फिरतात.

बूट नवे कोरे घ्यावेत आणि पहिल्या पावलापर्यंत खोक्यातच ठेवावेत. नागपूरची धूळ त्यांना लागू देऊ नये. टाचेला फोड येतात ते बुटांची ओळख व्हावी म्हणून. नखे कापू नयेत. उतारावर अंगठ्याचे नख बुटाच्या टोकावर आपटून काळे पडते, आणि असा अंगठा जुलैपर्यंत पाहुण्यांना दाखवता येतो.

रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी उघडते, त्यामुळे आपण ते साठाव्या दिवसाच्या संध्याकाळी आठवावे. दिल्ली, मग देहरादून, आणि तिथून मसुरी, पुरोला, मोरी करत सांकरीपर्यंत सुमारे २०० किलोमीटरचा वळणांचा रस्ता. सरळ रस्त्यांवर वाढलेल्या विदर्भीय पोटाला ही वळणे मानवत नाहीत. तपशील सांगत नाही. एवढेच की, जीपच्या खिडकीकडची जागा मी हिला दिली होती आणि नंतर घाईघाईने मागून घेतली. नैटवाडला रुपिन आणि सुपिन या नद्या मिळून टोंस होतात, ते दृश्य फार सुंदर असते असे ही सांगते.

सांकरीच्या पुढे जिथून चालायला सुरुवात होते त्या गावाचे नाव तालुका. होय, तालुका. मी नागपूर ग्रामीण तालुक्याच्या कचेरीत एका सातबाऱ्यासाठी जेवढे जिने चढलो आहे, त्यापुढे हा तालुका काय अवघड, असा विनोद मी केला. आमचा वाटाड्या, विशीतला पोरगा, नम्रपणे हसला. त्याला विनोद कळला नव्हता. ही हसली नाही. तिला कळला होता.

इथून पुढची वाट पांडवांची. समोर स्वर्गारोहिणीचे शिखर, ६,२५२ मीटर, आणि याच बाजूने पांडव स्वर्गाला निघाले अशी श्रद्धा. वाटेतल्या ओसला गावात लाकडी कोरीवकामाचे देऊळ आहे. बाहेरचे लोक त्याला दुर्योधनाचे देऊळ म्हणतात, गावातले म्हणतात सोमेश्वराचे. नवऱ्यांनी ही वाट निवडावी याचे कारण वेगळेच. महाप्रस्थानाच्या वेळी पहिली पडली ती द्रौपदी, आणि युधिष्ठिराने मागे वळून पाहिले नाही. बायकोच्या पुढे तरातरा चालत जाण्याला एवढा पुरातन आधार दुसरीकडे कुठे मिळणार? मी पहिला तास तसाच चाललो. मान ताठ, श्वास तोंडाने, पाठीवर कुकर वाजतोय.

महाभारताप्रमाणे आमच्याही मागे कुत्रा लागला. काळा, झुबकेदार, गळ्यात बिबट्यासाठी खिळ्यांचा लोखंडी पट्टा. धर्म आपल्या सोबतीला आला, असे मी म्हणालो. धर्म माझ्या पिशवीच्या खालच्या कप्प्याचा वास घेत होता. तिथे बर्फी होती.

दुसऱ्या तासाला ही माझ्या बरोबर आली. तिसऱ्याला पुढे. अशा वेळी नवऱ्याने थांबून झाडांची पाहणी करावी. देवदार कोणता, अक्रोड कोणता, हे नीट निरखायला प्रत्येक झाडाजवळ दोन मिनिटे लागतात. बायको वळून म्हणाली, "अहो, थोडं सामान द्या माझ्याकडे," तर "नाही, जमतंय" म्हणावे आणि पाचव्यांदा विचारल्यावर डाळ द्यावी. भांडायचे असेल तर उतारावर भांडावे. चढावर एका दमात "तूच म्हणाली होतीस" एवढेसुद्धा पूर्ण होत नाही. मी 'तूच'वर थांबलो. तिला वाटले मी प्रेमाने काही बोलतोय.

डाळीचे म्हणाल तर तीन हजार मीटरवर पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळते. तेवढे तर मे महिन्यात आमच्या गच्चीवरच्या टाकीत असते. तूर त्याला दाद देत नाही. मी कुकर काढला, ऐटीत शिट्टी लावली, आणि मग कळले की झाकणाची रिंग नागपुरात ओट्यावर राहिली आहे. रात्री साडेनऊला डाळीचा दाणा दाताखाली धरून वाटाड्या म्हणाला, "सर, इधर हम लोग मसूर खाते हैं." ज्याला हे माहीत होते त्याला मी सकाळी विचारले नव्हते, यात माझा काय दोष?

उन्हाला घाबरू नये. ४५ अंशांतला माणूस १५ अंशांच्या उन्हाला भीक घालत नाही. हिने मात्र गाडीवर बांधते तसा दुपट्टा तोंडाभोवती बांधला, फक्त डोळे उघडे, त्यांवर काळा चष्मा. मी म्हणालो, "इथे कोण ओळखीचं भेटणार आहे?" बर्फावरून परतलेल्या उन्हाने माझ्या नाकाची साल संध्याकाळपर्यंत संत्र्यासारखी सुटली.

तिसऱ्या दिवशी सकाळी डोके ठणकू लागले. मळमळ, अन्नावर वासना नाही. आता, अडीच हजार मीटरच्या वर गेले की विरळ हवेची सवय व्हायला शरीराला वेळ लागतो, याची पहिली लक्षणे हीच, आणि त्यावर खात्रीचा उपाय म्हणजे आणखी वर न जाणे, त्रास वाढला तर खाली उतरणे. हे सगळे वाटाड्याला माहीत असते, म्हणून त्याला कळू देऊ नये. मराठी माणसाला डोकेदुखी दोनच कारणांनी होते, पित्ताने किंवा ऊन लागून. मी ऊन ठरवले. हाताच्या बोटांना थंडीने संवेदना नव्हती, आजूबाजूला बर्फ, आणि मी एका दगडावर बसून खिशातला कांदा दगडाने ठेचून तळपायांना चोळत होतो. कुत्र्याने एकदा वास घेतला आणि तो हिच्या बाजूला जाऊन उभा राहिला. धर्माने बाजू बदलली.

वाटाड्याने माझ्याकडे पाहिले, कांद्याकडे पाहिले, आणि पहिल्यांदाच आवाज चढवला. मी त्याच्याबरोबर खालच्या मुक्कामावर परत फिरायचे ठरले. ही तिथेच भेटलेल्या चार पुणेकर पोरींच्या गटाबरोबर पुढे गेली. जाता जाता वळली. मला वाटले डोळे भरून पाहते आहे. तिने फोटो काढला. तो अजून आमच्या फॅमिली ग्रुपवर आहे: दगड, मी, अनवाणी.

उतरताना मला पांडवांचे पडण्याचे क्रम आठवत होते. द्रौपदी, सहदेव, नकुल, अर्जुन. शेवटी भीम पडला तो खादाडपणामुळे, असे युधिष्ठिरच सांगतो. पहाटे अंधारात तंबूत बसून अर्धा डबा संत्रा बर्फी मी संपवली होती, हे मात्र कुणाला माहीत नव्हते. कुत्र्याला होते.

खाली उतरल्यावर तासाभरात डोके हलके झाले. ही संध्याकाळी परतली, गाल तांबडे, दुपट्ट्यावर गारांचे पाणी. स्वर्गारोहिणी ढगांतून दहा मिनिटे पूर्ण मोकळी दिसली म्हणाली. आणखी काही सांगितले नाही. मुक्कामाचा स्वयंपाकी मॅगी करत होता. त्याचा मसाला होता, मिरची होती, पण चार दिवस खेचर वर आले नव्हते. त्याने आमच्याकडे वळून विचारले, "सरजी, प्याज है क्या?"

मी पिशवीत हात घातला. एकोणीस किलो सातशे ग्रॅमांतून तीन कांदे निघाले. त्याने ते सुरीने सपासप कापले, तेलात टाकले. तंबूत जो वास सुटला तो थेट आमच्या स्वयंपाकघराचा. हिने दोन वाट्या खाल्ल्या, मग माझ्याकडे पाहिले, आणि या सहलीत पहिल्यांदाच माझ्याबद्दल आदराने विचारले,

"चौथा कुठाय?"