टोरांटोहून: दादाचा अंगठा आणि आईचं मनगट

गेल्या महिन्यात आई मोरीत घसरली. साताऱ्याहून मावसभावाने, म्हणजे दादाने, तिच्या मनगटाचा एक्स-रे पाठवला: फिल्म खिडकीला धरून काढलेला फोटो, त्यावर पंख्याची सावली आणि कोपऱ्यात दादाचा अंगठा. तोच फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्टरांनाही दाखवला होता, त्यावरून घरच्या ग्रुपवर लगेच दोन तट पडले. काका म्हणाले, व्हॉट्सॲपवर निदान करणाऱ्या डॉक्टरांवर कारवाईच व्हायला हवी. दादा म्हणाला, "रविवारी रेडिओलॉजिस्ट कुठून आणू ते सांगा."

मी इथे एका रुग्णालयात अशाच प्रतिमांची साठवण सांभाळतो, त्यामुळे सगळे माझ्याकडे वळले. काकांची निराशा झाली, कारण फाइल लहान करायला इथेही प्रतिमा चेपतात. कॅनडातल्या रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने 2008 मध्येच थोडी माहिती गमावणारं कॉम्प्रेशन मान्य केलं. मात्र कुठली तपासणी, कुठला अवयव, किती पट, हे ठरवून. शेजारी अमेरिकेत मॅमोग्रामचा, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेचा, अंतिम अहवाल अशा प्रतिमेवरून देता येत नाही. त्यात मोहरीहून बारीक कॅल्शियमचे कण शोधायचे असतात. आणि डायकॉम फाइलवर (वैद्यकीय प्रतिमा याच प्रकारात साठवतात) 'माहिती गमावली' अशी नोंद एकदा झाली की ती पुसायची नाही, असा नियमच आहे. मला हा नियम फार आवडतो.

दादाच्या फोटोवर अशी नोंद कुठली? मूळ एक्स-रेत करड्या रंगाच्या 4096 छटा असू शकतात, साध्या जेपीईजीत 256 उरतात. उजेड कमी-जास्त करून हाड नीट पाहायची सोय तर फिल्म छापतानाच गेली. त्यावर व्हॉट्सॲपने आणखी चेपलं. केसाएवढी चीर यातून निसटू शकते.

म्हणून माझं मत एकतर्फी आहे: असा फोटो पाहून डॉक्टर "मोडलंय" म्हणाले तर मानावं, "काही नाही" म्हणाले तर मानू नये. भारताच्या मार्च 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनी व्हॉट्सॲप चालवून घेतलंच आहे, आणि "हात हलवू नका, उद्या या" एवढं सांगायला तो फोटो पुरला. इथे माझ्या गुडघ्याच्या एमआरआयला चार महिने लागले. त्यातला एकही पिक्सेल गमावला नव्हता, हे खरं.

दादाला म्हटलं, एक्स-रे सेंटरकडून मूळ फाइल माग आणि 'डॉक्युमेंट' म्हणून पाठव, म्हणजे व्हॉट्सॲप ती चेपणार नाही. त्यांनी सीडी दिली. ती चालवायला सीडी ड्राइव्ह असलेला लॅपटॉप तो अजून शोधतोय.