आमची कुठेही शाखा नाही, मेलबर्न सोडून

आमच्या घरात ज्याला मोबाईलचा फाँट मोठा करता येतो त्याला आयटीवाला म्हणतात, आणि मी तर लग्नाआधी एमएस युनिव्हर्सिटीतनं बीकॉम करता करता टॅलीचा कोर्सपण केलेला, त्यामुळे बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या मसाल्याच्या दुकानाची वेबसाइट "सूनबाई बघेल" हे ठरायला सासऱ्यांना, म्हणजे अप्पांना, अर्धा कप चहासुद्धा लागला नाही.

वेबसाइट तशी होती. दोन वर्षांपूर्वी एका एजन्सीनं करून दिलेली. काचेचं ऑफिस, गळ्यात पट्टेवाली मुलं, "अंकल, गूगलना पहेला पेज पर, गॅरंटी!" आता गूगल स्वतःच सांगतं की पहिल्या नंबरची गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही, पण ते वाचायला आधी गूगल करावं लागतं ना. चेक वटला, मुलं फोन उचलेनाशी झाली. पासवर्ड होता चुलत दिरांकडे, ते गेले कॅनडाला, आणि ओटीपी जायचा त्यांच्या इथल्या बंद पडलेल्या नंबरवर. तीन आठवडे त्यातच गेले. ते सांगत बसत नाही, बीपी वाढतं.

शेवटी आत शिरले तर वर्डप्रेस निघालं, म्हणजे वेबसाइट बनवायचं तयार सॉफ्टवेअर. जगातल्या दर पाच वेबसाइटींपैकी साधारण दोन त्याच्यावर चालतात म्हणे, म्हणजे एवढ्या ठिकाणी कोणाची तरी सूनबाई रडत असणार. खरंतर अवघड काही नाही, डाव्या हाताला पानं, फोटो, मेनू, आपण टाइप करायचं आणि अपडेट दाबायचं. अवघड आहेत ते अप्पा.

होमपेजवर त्यांच्या आग्रहाखातर लाल अक्षरांत लिहिलेलं, "आमची कुठेही शाखा नाही". आणि त्याच्या बरोब्बर खाली नकाशा, त्यात मेलबर्न. रेडीमेड डिझाइनमधला पत्ता कोणी बदललाच नव्हता. दोन वर्षं आम्ही ऑस्ट्रेलियात होतो आणि आम्हालाच पत्ता नाही! त्याच्या खाली "आमच्याविषयी" म्हणून पान, त्यात लोरेम इप्सम डोलोर सिट अमेट. अप्पांनी चष्मा वर करून दोन ओळी मोठ्यानं वाचल्या आणि म्हणाले, "हे संस्कृत नाही." म्हटलं अप्पा, लॅटिन आहे, सिसेरो म्हणून एक रोमन होता, त्यानं इ.स.पू. ४५ मध्ये लिहिलेल्या ग्रंथातलं मोडून तोडून घेतलंय, जागा भरायला टाकतात, नंतर आपण आपला मजकूर घालायचा. "मग दोन हजार वर्षांत कोणी घातला नाही?"

बरं, पान उघडायला वेळ का लागतो ते बघितलं तर कारण निघाले आजेसासरे. संस्थापक. भिंतीवरच्या फ्रेमचाच मोबाईलनं फोटो काढून चढवलेला, काचेत ट्यूबलाइट सकट, ९ एमबीचा. तो वरून खाली हळूहळू उतरायचा: आधी खिळा, मग हार, मग पगडी, मग कपाळ... मिशांपर्यंत कोणीच थांबत नसावं. मी तो १२०० पिक्सेलवर आणला, दाबून दीडशे केबी केला. अप्पा दुखावले. "एवढा मोठा माणूस, दीडशे केबीत बसवलास?" वर त्या फोटोला ऑल्ट टेक्स्ट म्हणून एक चौकोन असतो, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी आणि गूगलसाठी फोटोत काय आहे ते लिहायचं असतं, तर अप्पांनी डिक्टेट केलं, "अत्यंत कडक स्वभाव". ठेवलंय. वाद कोण घालणार.

वाद झाला तो गावाच्या नावावरून. सर्च कन्सोल म्हणून गूगलचं एक फुकट साधन आहे, लोक काय शोधत आपल्यापर्यंत पोचले ते त्यात दिसतं. तिथे सगळं वडोदरा, वडोदरा आणि "निअर मी". अप्पांचं म्हणणं, सयाजीराव महाराजांच्या गावाला बडोदेंच लिहायचं. अहो पण १९७४ मध्ये नाव बदललं! "बँकेनं बदललं का?" नाही बदललं, बँक ऑफ बरोडाच आहे. युनिव्हर्सिटीनंही नाही. मग तह झाला, पानाच्या टायटलमध्ये वडोदरा, आतल्या मजकुरात बडोदें.

मग गूगलवर जाहिरात. दिवसाला २०० रुपये बजेट, कीवर्ड, म्हणजे कोणता शब्द शोधला की ॲड दिसावी तो, टाकला नुसता "मसाला", माझीच चूक, दोन दिवस फोन येत होते, "बेन, मसाला डोसा पार्सल मळशे?" म्हणून डोसा, रेस्टॉरंट, रेसिपी असले शब्द नेगेटिव्हमध्ये टाकले, म्हणजे ते शोधणाऱ्याला आपली ॲड दिसत नाही. तरी दुपारपर्यंत बजेट संपायचं आणि ऑर्डर शून्य. शोध लावला तर अप्पा रोज सकाळी पूजा झाली की गूगलवर आपलं नाव शोधायचे आणि सगळ्यात वर दिसणाऱ्या आपल्याच ॲडवर भक्तिभावानं टिचकी मारायचे, मग सासूबाईंच्या मोबाईलवरून एकदा, मग दुकानातल्या पोऱ्याला सांगून एकदा, "चालू आहे ना बघ". म्हटलं अप्पा, गूगल असले काही क्लिक ओळखून माफ करतं, पण सगळे नाही, दर क्लिकला पैसे कापले जातात. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे माझ्याच दुकानात शिरायला मी भाडं द्यायचं?"

याला माझ्याकडे आजही उत्तर नाही. ॲड बंद केली.

त्याच दिवशी काउंटरवर एक गुजराती काकू विचारत होत्या, "बेन, मेतकूट एटले शुं?" हा प्रश्न मला दिवसातून चारदा तरी येतो. रात्री तेच बसून लिहिलं, जसं तोंडानं सांगते तसंच, की चण्याची डाळ, तांदूळ, गहू, उडीद वेगवेगळे भाजायचे, हिंग-हळद-सुंठ घालून दळायचं, मऊ भात, वर तूप, वर हे, आणि नाही हो काकू, कांदा-लसूण नसतं. खाली तेच गुजरातीत. ना कीवर्ड बघितला ना काही. सध्या आमच्या वेबसाइटवर सगळ्यात जास्त लोक त्याच पानावर येतात, आजेसासऱ्यांपेक्षा जास्त, हे अप्पांना सांगितलेलं नाही.

आता गाडी रिव्ह्यूवर आलीये. जानेवारीत एका बाईंनी एक स्टार दिला, गूगलवर दुकान उघडं दाखवतं आणि आले तर कुलूप. बरोबरच होतं त्यांचं, मी १४ तारखेची सुट्टी टाकली आणि १५ची विसरले. बडोद्यात वासी उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, सगळे गच्चीवर पतंग उडवत असताना दुकान उघडं असेल असं मुळात कोणाला वाटेल! मी माफीचं छान लिहून ठेवलं होतं, तोवर अप्पांनी उत्तर टाकूनही दिलं:

"प्रिय ग्राहक, वासी उत्तरायणला आपण पतंग सोडून मेतकूट घ्यायला निघालात, यावरून आपल्याला गच्ची नाही असे दिसते. पुढल्या वर्षी आमच्या गच्चीवर यावे. गच्ची एकच आहे. आमची कुठेही शाखा नाही."