शिव्यांचा पूल

शनिवारी उत्तर वेल्समधल्या लान्रूस्टच्या पुलावरून मी भाड्याची गाडी उलटी खाली आणली. भर माथ्यावरून.

पूल 1636 चा, कॉनवी नदीवरचा. तीन दगडी कमानी, मधोमध उंटासारखं वशिंड आणि रुंदी एका गाडीपुरती. वर पोचेपर्यंत समोर फक्त आभाळ, आणि पोचलात की आभाळाच्या जागी पांढरी व्हॅन. आराखडा इनिगो जोन्स या बड्या वास्तुरचनाकाराचा म्हणतात. असेल. त्याला काय, रिव्हर्स थोडाच घ्यायचा होता!

व्हॅनवाल्याने नुसतं बोट हलवलं: मागे. माझी काच उघडी होती. साताऱ्याच्या आजीचा वारसा तोंडातून निसटला, "तुझा मुडदा बशिवला!"

कठड्याला टेकलेले एक म्हातारबाबा ओला कुत्रा घेऊन थेट खिडकीपाशी आले.

"कुठली भाषा?"

"मराठी."

"अर्थ?"

क्लच दाबलेला, आरसा दगडापासून चार बोटांवर. म्हटलं, "तुझं प्रेत बसवलं."

"बसवलं? आडवं का नाही?"

"आमच्याकडे काहींना बसवून पुरतात."

"खुर्चीत?"

व्हॅनने हॉर्न दिला. बाबांनी तिला तळहात दाखवला. या पुलाला वेल्शमध्ये 'पोंत अ रेगी' म्हणतात, म्हणजे शिव्यांचा पूल, असं त्यांनी मला निवांत सांगितलं. मराठी शिवी त्यांनी पहिल्यांदाच ऐकली होती. ती माझ्याकडून तीनदा घोटून घेतली. 'ड' काही केल्या जमेना. कुत्राही मान वाकडी करून शिकत होता. मधल्या कमानीवर कठड्याला दणका दिला की अख्खा पूल थरथरतो म्हणे. माझा डावा पाय आधीच थरथरत होता.

पलीकडे वेलीने मढलेलं चहाचं जुनं घर आहे. त्याचे फोटो काढणारे लोक आता माझे काढू लागले.

गेलो मागे. बाबा एका हाताने 'या, या' करत होते, दुसऱ्याने कुत्र्याला ओढत होते. मी कुत्र्याचा हात बघून वळलो. आरसा घासला.

पण मी आधी चढलो होतो ना? त्याने नुकतं चाक ठेवलं होतं. बोळ असो, जिना असो, लिफ्ट असो, नऊ वर्षं या देशात मागे सरतो तो मीच. वर हसून हातही करतो. त्या दिवशीही केला. व्हॅनवाल्याने बघितलंसुद्धा नाही.

त्याच्या पाठीवर मात्र बाबांनी खणखणीत आवाजात सोडलं, "मुद्दा बशिवला!"