निवांत सहल

भाद्रपदातल्या एका रविवारी पहाटे उठून, घाईघाईने आवरून आणि एकमेकांवर दोनदा ओरडून आम्ही उभयता निवांत सहलीला निघालो. पुण्याहून पुरंदरला दिवे घाट चढून सासवडमार्गे सरळ जाता येते. परंतु सरळ जाणाऱ्याला गावे काय दिसणार, असे माझे ठाम मत असल्यामुळे मी गाडी बोपदेव घाटाकडे वळवली आणि गराडे, कोडीत अशा आडरस्त्यांनी नारायणपूर गाठण्याचे जाहीर केले. फोनवरचा नकाशा मुद्दाम बंद ठेवला होता. ‘आडरस्त्याची खरी मजा वाट चुकण्यात असते,’ हे वाक्य मी घाटात तीन वेळा उच्चारले आणि दुपारी तेच मला, माझ्याच सुरात, ऐकून घ्यावे लागले.

गराड्याचे धरण आम्हाला आधी उजव्या हाताला दिसले आणि अर्ध्या तासाने डाव्या हाताला. धरण तेच होते. कऱ्हा नदी याच परिसरात उगम पावते आणि कोणालाही न विचारता बरोबर सासवडला पोहोचते, ही माहिती मी पुरवताच गाडीत शांतता पसरली.

शेवटी बांधावर बसलेल्या एका आजोबांना विचारले.

“सरळ जावा. म्होरं मोठी चिंच व्हती, तितनं डावीकडं वळा.”

“होती म्हणजे?”

“पाडली की गेल्या साली!”

नसलेली चिंच ओळखायची कशी, यावर आमचा बराच ऊहापोह झाला, कारण त्या रस्त्यावर चिंच नसलेल्या जागा पुष्कळ होत्या. त्यांपैकी एक निवडून वळलो, तर अंजिराच्या बागेपाशी रस्ताच संपला आणि मागून शेळ्यांचा कळप आला. एका बोकडाने पुढचे दोन्ही पाय दारावर टेकवले, खिडकीच्या काचेला ओले नाक लावले आणि जबडा आडवा फिरवत माझ्याकडे असे काही पाहिले, की मला आमच्या सासऱ्यांची आठवण झाली. अर्थात ती मी बोलून दाखवली नाही. कोडीत हे आचार्य अत्र्यांचे जन्मगाव. तिथे तरी विनोदबुद्धी शाबूत ठेवावी, ही माझी विनंती फेटाळली गेली.

नारायणपूरला दत्ताचे दर्शन झाले. पुरंदर मात्र लष्कराच्या ताब्यात असल्यामुळे प्रवेशद्वारावर ओळखपत्र मागितले गेले आणि आमची आधार कार्डे घरी राहिल्याचे निष्पन्न झाले. १६६५ साली मिर्झाराजे जयसिंगांनाही हा गड सुखासुखी मिळाला नव्हता, असे मी म्हणालो. “ते निदान तोफा घरी विसरले नव्हते,” असे उत्तर आले.

परतीच्या वाटेवर पुन्हा चुकून आम्ही त्याच आजोबांसमोर उभे राहिलो. आता इतकी ओळख झाल्यावर काही न घेता निघणे प्रशस्त दिसेना, म्हणून त्यांच्या शेतातला दहा किलो वाटाणा घेतला. तेव्हा कुठे त्यांनी नातवाला मोटारसायकलवर आमच्या पुढे घातले आणि सात मिनिटांत आम्ही डांबरी रस्त्याला लागलो.

रात्री साडेअकराला वाटाणे सोलणे चालूच होते. टरफले भरण्यासाठी पत्नीने डब्यांची पिशवी उलटी केली, तेव्हा तळाशी दोन्ही आधार कार्डे निघाली. विसरू नयेत म्हणून आदल्या रात्री ती मीच तिथे ठेवली होती. उरलेला सहा किलो वाटाणा मी एकट्याने सोलला.