पाच वाजता मावळणारं बेट

आमच्या इंदूरला रात्री दहाला चपला घातल्या तरी घरात कोणी विचारत नाही कुठे चाललास, कारण त्या वेळेला माणूस सराफ्यातच जाणार हे सगळ्यांना माहीत असतं, सोन्याची दुकानं बंद झाली की तिथेच खाण्याची लागतात आणि डिसेंबर म्हणजे तर गरम गराडूचा, म्हणजे तळलेल्या कंदाचा, सीझन. नेमक्या त्या डिसेंबरात बायकोला शांत जागी जायचं होतं. गेलो मग अंदमानातल्या नील बेटावर. (2018 मध्ये नाव शहीद द्वीप झालंय, पण बोटीवर सगळे नीलच म्हणत होते.)

वस्ती जेमतेम तीनेक हजार. आमच्या पाटणीपुऱ्याच्या चौकात याहून जास्त लोक सिग्नल तोडतात.

शांतता दुपारपर्यंत छान वाटली. खरी परीक्षा संध्याकाळी. भारताचं घड्याळ लावलंय 82.5 अंश रेखांशाच्या हिशोबाने आणि हे बेट पार 93 अंशांवर, तरी घड्याळ तेच, त्यामुळे पाचच्या सुमारास सूर्य लक्ष्मणपूरच्या किनाऱ्यावर बुडतो आणि मग विषय संपला. काळोख. मी घड्याळ बघितलं, सहा. मग आम्ही गप्पा मारल्या, समोरच्या कुत्र्याला बिस्किटं घातली, लग्नापासूनची सगळी भांडणं एकदा उजळणी करून झाली, परत बघितलं तर सहा वाजून वीस मिनिटं! जेवायला म्हणून निघालो तर खानावळवाला म्हणाला रात्रीचं दुपारीच सांगायचं असतं, आता डाळ-भात आहे. त्यावर मी खिशातल्या पुडीतलं जीरावण, आमचा इंदुरी मसाला, भुरभुरलं आणि डोळे मिटून खाल्लं.

कचऱ्याचा वेगळाच ताप. 2017 पासून सलग सात वेळा स्वच्छतेत पहिला नंबर काढलेल्या शहराचे आपण, केळ्याचं साल एका हातात, वेफर्सचं पाकीट दुसऱ्या हातात, ओला वेगळा सुका वेगळा, आणि कान गाडीच्या गाण्याकडे. गाडी काही आली नाही. बायको म्हणाली, "अरे ठेव ना बॅगेत!" पण साल सुक्यात कसं टाकणार भिया?

मजेत होती फक्त आई. तिचा दिवस जन्मभर पहाटे चारला सुरू होतो आणि घरात याबद्दल तिला कोणी विचारत नाही. इथे अख्खं बेट तिच्या टायमावर! आम्ही उठेपर्यंत तिची बाजारात चक्कर होऊन जायची. अंदमानात बऱ्याच ठिकाणी भाजी इथूनच जाते, पिकवणारे बहुतेक पूर्व पाकिस्तानातून येऊन वसलेल्या बंगाली निर्वासितांच्या घरातले, त्यातल्या एका मावशींशी तिची अशी गट्टी जमली की ही मराठीमिश्रित हिंदीत बोलते, त्या बंगालीमिश्रित हिंदीत, आणि वांग्याचा भाव बरोबर ठरतो. किनाऱ्यांची नावं भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर, जवळच रामनगर, तर हिने त्यांना विचारलं, "और शत्रुघ्न का क्या हुआ?" मावशी बराच वेळ विचारात पडल्या.

ओहोटीला खडकाची नैसर्गिक कमान बघायला गेलो, तिला तिथे हावडा ब्रिज म्हणतात. एका डबक्यात काळी, वीतभर लांब, लिबलिबीत समुद्रकाकडी पडलेली. गाइड म्हणाला हात लावायचा नाही, संरक्षित प्राणी आहे. आई वाकून बराच वेळ बघत होती, मग हळूच मला विचारते, "पण हिची कोशिंबीर नसतील करत ना रे?"

निघायच्या दिवशी बॅगा भरून जेट्टीवर पोचलो तर समुद्र खवळल्यामुळे बोट रद्द. मी मटकन बॅगेवर बसलो. डोळ्यासमोर सराफा, गराडू, गर्दी, हॉर्न, सगळं. बायको मोबाइलला रेंज शोधत जेट्टीच्या टोकापर्यंत गेली.

"बरं झालं," आई म्हणाली, "मावशींना मी उद्याची वांगी सांगून ठेवलीच होती."